पोलो १.६ चा गिअरचा दांडा : शॉर्ट शिफ्टर बसवावा की जुनंच नीट करावं?

घाटमाथा (धागाकर्ता)

गाडी २०११ ची पोलो १.६ पेट्रोल, चाकणची. १०५ पीएस, १५३ न्यूटन मीटर, पाच गिअर, रनिंग ९६,००० किमी. रोजचा वापर पुण्यात, महिन्यातून दोनदा पसरणी आणि आंबेनळी घाट.

तक्रारी तीन. न्यूट्रलमध्ये दांडा डावी-उजवीकडे फार डुलतो. घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना हात लांबवर न्यावा लागतो आणि गिअर नक्की बसला का ते हाताला कळत नाही. सकाळी इंजिन थंड असताना दुसरा गिअर अडखळतो. थ्रो (गिअर टाकताना दांड्याचा होणारा प्रवास) ३० टक्के कमी करणारं शॉर्ट शिफ्टर किट बसवायचा विचार आहे. गिअरबॉक्सवरचा लिव्हर बदलायचा, बाकी काही नाही. बसवावं का? होकार असो वा नकार, कारण सांगा.

बुशिंगवाला

आत्ता बसवू नका. तीन तक्रारींपैकी फक्त हात लांब जाण्याच्या तक्रारीला शॉर्ट शिफ्टर लागू पडतो, आणि तीसुद्धा अर्धी ढिलाईमुळे असणार.

या गाडीत एमक्यू २०० गिअरबॉक्स आहे आणि दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक पुढे-मागे ढकलणारी, दुसरी आडवी, म्हणजे गेट (गिअरची रांग) निवडणारी. ढिलाई तीन जागी साठते : केबलच्या टोकाचे बूश (जोडातली प्लास्टिकची कडी), आडव्या लिव्हरचा प्लास्टिकचा गुटका, आणि दांड्याच्या बुडाचा बॉल-सॉकेट. बॅटरी आणि तिचा ट्रे काढलात की पहिल्या दोन समोर दिसतात. केबलचं टोक दोन बोटांत धरा, लिव्हर जागेवर रोखून ठेवा आणि टोक हळूच पुढे-मागे करा. बूश चांगला असेल तर काहीच हलत नाही. झिजलेला असेल तर बारीक 'टक टक' बोटांना जाणवते, आणि टोक उपसून काढलं की भोक गोल न राहता लंबुळकं झालेलं दिसतं. इथे एक मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) असला तर वर नॉबपाशी तो कित्येक पटींनी मोठा होतो, कारण दांड्याचा वरचा भाग खालच्यापेक्षा कितीतरी लांब असतो.

हा प्ले तसाच ठेवून थ्रो कमी केलात तर एकूण हालचालीत ढिलाईचा वाटा उलट वाढेल. गिअर बसला की नाही ते आजच्यापेक्षाही कमी कळेल.

शॉर्टथ्रो

बूश बदलावेत हे मान्य. पण त्याने गाडी २०११ साली शोरूममधून निघाली तशी होईल, त्यापेक्षा चांगली नाही. कंपनीने थ्रो लांब ठेवला तो हलका लागावा म्हणून, सगळ्या प्रकारच्या चालकांसाठी. वळणात स्टिअरिंगवरून हात काढून तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं, तर हात जितका लवकर परत येईल तितकं बरं. ही गरज खरी आहे, तिला हौस म्हणून उडवून लावू नये.

सिंक्रो (गिअर बसण्याआधी फिरण्याचे वेग जुळवणाऱ्या रिंगा) झिजतात अशी भीती घातली जाते, तीही अर्धवट आहे. आतल्या स्लीव्हचा (गिअर जोडणाऱ्या सरकत्या कड्याचा) प्रवास एक मिलिमीटरही बदलत नाही, कमी होतो तो फक्त हाताचा. खाली येताना मधे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून अॅक्सिलरेटरचा हलका थाप देऊन आरपीएम जुळवले तर सिंक्रोवर आधीपेक्षा कमीच ताण येईल. आणि जुना लिव्हर जपून ठेवला की कधीही पूर्ववत करता येतं. माझं मत : बूश आणि किट एकाच वेळी करा, बॅटरी ट्रे दोनदा कशाला काढायचा?

बुशिंगवाला

@शॉर्टथ्रो, स्लीव्हचा प्रवास बदलत नाही हे बरोबर, आणि अडचण तिथेच आहे. हाताचा वेग तोच राहिला तर स्लीव्ह आधीपेक्षा वेगाने सरकते. सिंक्रो रिंगला गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून दोन्ही वेग एक करायला जो वेळ मिळायचा तो कमी होतो. नव्या रिंगला फरक पडत नाही. ९६,००० किमी चाललेल्या दुसऱ्या गिअरच्या रिंगला पडतो. पहिल्या-दुसऱ्यातला रेशोचा फरक मोठा, शहरात तोच सर्वांत जास्त वापरात, म्हणून सहसा आधी झिजतो तोही दुसराच.

आता जोराचा हिशोब. थ्रो ३० टक्के कमी म्हणजे ०.७ पट, तर तेवढंच काम करायला हाताचा जोर १ भागिले ०.७, म्हणजे जवळजवळ १.४३ पट. ४३ टक्के जास्त. २० टक्के कपातीला २५ टक्के जास्त जोर. हिंजवडीच्या रांगेत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करताना हा हिशोब डाव्या मनगटाला समजतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे किट कुठे बसतं. धागाकर्त्याचं किट गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे तिथला लिव्हर आखूड होणार. लिव्हर आखूड झाला की तोच गिअर ढकलायला केबलला जास्त जोर लावावा लागतो. वाढलेले ४३ टक्के अख्ख्या केबलवर, तिच्या टोकावर आणि त्याच प्लास्टिकच्या बूशवर येतात. केबिनच्या बाजूचं किट दांड्याचा टेकू वर घेऊन खालची भुजा लांब करतं. त्यातही हाताला जोर जास्त लागतो, पण केबलवरचा ताण आहे तेवढाच राहतो. दोन्ही किटच्या पाकिटावर 'शॉर्ट शिफ्टर' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे हा फरक कोणी विचारातच घेत नाही.

क्लचप्लेट

तुम्ही दोघं दांड्यावर भांडताय आणि थंड दुसऱ्या गिअरकडे कोणी बघत नाही. त्याचं कारण बहुधा दांड्यात नाहीच.

आधी ही चाचणी करा. इंजिन बंद, क्लच पूर्ण दाबून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना जड जातात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. दुसरी खूण : क्लच दाबून चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. 'खर्र' झालं तर प्लेट अजून फिरतेय. या गाडीत क्लच हायड्रॉलिक आहे आणि द्रव ब्रेकच्याच डबीतून येतो, डॉट ४. लाइनमध्ये हवा असेल किंवा द्रव जुना, काळपट असेल तर ब्लीडिंग (हवा आणि जुना द्रव बाहेर काढणं) करून घ्या.

इंजिन बंद असतानाही अडखळत असेल तर दोष लिंकेजमध्ये (दांडा-केबलच्या जोडणीत) किंवा गिअरबॉक्सच्या आत. आणि दोन्ही वेळा ठीक, पण सकाळी चालत्या गाडीत दुसरा अडखळतो, दहा मिनिटांनी सुरळीत होतो, तर ऑइल बघा. साधारण दोन लिटर बसतं. जीएल-४ (ही गिअर ऑइलची प्रत) च टाका, आणि कंपनीच्या स्पेसिफिकेशनचं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत, शिवाय ते तेल जास्त निसरडं असल्याने सिंक्रो रिंग त्या शंकूला नीट पकडत नाही. काउंटरवर 'गिअर ऑइल द्या' एवढंच म्हणालात तर काहीही हातात पडू शकतं, डब्यावर बघून घ्या. बदलताना भरायचा बोल्ट आधी उघडा, निचऱ्याचा नंतर. भरायचा बोल्ट गंजून बसलेला असेल आणि तेल आधीच सांडलं असेल तर गाडी रॅम्पवरून हलवता येत नाही. गाडी सपाट हवी, तेल भोकाच्या कडेपर्यंत आलं की थांबायचं.

शॉर्टथ्रो

केबलवरच्या ताणाचा मुद्दा मान्य. गिअरबॉक्सच्या बाजूचं ३० टक्केवालं किट या रनिंगला मीही सुचवणार नाही. त्यात आणखी एक तोटा आहे, तो कोणी सांगितला नाही : ती किटं फक्त पुढे-मागे हालचाल कमी करतात. आडवी हालचाल तेवढीच राहते. गेट आखूड आणि रुंद होतं, आणि पाचव्यातून चौथ्यात येताना चुकून दुसऱ्यात जाण्याची शक्यता वाढते. ताशी १०० ला तसं झालं तर आरपीएम किती उसळतील ते सांगायला नको. म्हणून किट घ्यायचंच तर केबिनच्या बाजूचं, २० टक्क्यांच्या आसपासचं.

गिअरबॉक्सच्या लिव्हरवर जे लोखंडी वजन असतं ते काढू नका. किट बसवताना 'हे कशाला' म्हणून काही जण कापून टाकतात. ते वजन गिअरला शेवटच्या खाचेत ढकलून बसवतं. ते गेलं की प्रत्येक गिअर खडबडीत लागतो आणि मग शिव्या किटला बसतात.

मूळ मतावर मात्र मी ठाम आहे. सगळं दुरुस्त झाल्यावरही थ्रो लांब वाटला, तर तो कमी करण्यात काही चूक नाही.

नॉबप्रेमी

मधला मार्ग : जड आणि बुटका नॉब. टेकूपासून नॉबपर्यंत २५० मिमी असेल आणि नॉब २५ मिमी खाली आला, तर थ्रो १० टक्के कमी, केबलला हात न लावता. पण पोलोत नॉब स्क्रूवर नाही. नॉब आणि चामडी कव्हर एकत्र येतात, खाली दाबून बसवलेली क्लॅम्प असते. ती कापावी लागते आणि नवी लागते. रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबायचा असतो, म्हणून अडॅप्टर ढिला चालणार नाही. भरीव धातूचा नॉब नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हात लावू देत नाही, तिकडच्यांनी चामडं गुंडाळलेलाच घ्यावा.

घाटमाथा

@क्लचप्लेट, चाचणी केली. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, चालू असतानाही तसेच, रिव्हर्सला आवाज नाही. फक्त सकाळची पहिली काही मिनिटं चालत्या गाडीत दुसरा अडखळतो. म्हणजे क्लच ठीक, ऑइल बदलतो. बूश बदलल्यावर ऍडजस्टमेंट लागते का? आणि कायदेशीर अडचण?

क्लचप्लेट

कायद्याचं थोडक्यात : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा बदलांबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते कडक शब्दांत मांडलं. गिअरचा दांडा आरसीवर नोंदलेला नसतो. तरी विमा कंपनीला बदल कळवलेला बरा, पुढे क्लेमच्या वेळी वाद नको.

बुशिंगवाला

ऍडजस्टमेंट लागते, आणि बहुतेक जण तीच टाळतात. सगळा खेळ ४.५ मिमीच्या ड्रिल बिटचा आहे.

दांडा न्यूट्रलमध्ये. गिअरबॉक्सपाशी दोन्ही केबलच्या टोकांवर स्प्रिंगवाली कॉलर असते. ती पुढे ओढून फिरवली की अडकून बसते आणि केबलची लांबी मोकळी होते. मग गिअरबॉक्सची सिलेक्टर शाफ्ट खाली दाबा, दाबूनच ठेवा आणि बाजूचा वाकडा छोटा लिव्हर फिरवून तिला तिथेच लॉक करा. आता केबिनमध्ये या. चामडी कव्हर वर उचला, दांडा न्यूट्रलमध्येच डावीकडे, पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेत न्या. दांड्याच्या बुडाशी एक भोक आहे आणि त्यासमोर हाउसिंगमध्ये दुसरं. ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू दोन्हींतून आरपार गेली पाहिजे. जोर लावून ठोकायची नाही. जात नसेल तर दांडा नीट रांगेत नाही. बिट बसली की पुन्हा बॉनेटखाली जाऊन दोन्ही कॉलर सोडा, स्प्रिंग केबलची लांबी आपोआप ठरवते. वाकडा लिव्हर मोकळा करा, बिट काढा. दांडा सोडल्यावर तो स्वतःहून तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन थांबला पाहिजे. सगळे गिअर दोनदा टाका, रिव्हर्सचं लॉक तपासा.

जिथे खाली सेल्फ-लॉकिंग नट निघेल तिथे नवाच लावा. बूश मूळ प्लास्टिकचेच घ्या. पितळी किंवा अॅल्युमिनियमचे टणक असतात, पण आयडलिंगची थरथर थेट हातात येते. डिझेल पोलोत तर नकोतच.

एक राहिलं. इंजिनखालचा हाडाच्या आकाराचा माउंट बघा. अॅक्सिलरेटरवर पाय दिल्या-सोडल्यावर दांडा पुढे-मागे डोलत असेल तर त्याचं रबर गेलंय, आणि बूश बदलूनही अर्धी ढिलाई तशीच राहील.

शॉर्टथ्रो

ऍडजस्टमेंटनंतर एक मोजमाप करा. नॉबच्या मध्यावर टेप धरून न्यूट्रल ते तिसरा किती मिलिमीटर, आणि तिसऱ्यात असताना दांडा मोकळा किती हलतो. दोन्ही आकडे इथे टाका. मोकळी हालचाल कमी झाली आणि तरी घाटात हात लांब जातोय असं वाटलं, तर केबिनच्या बाजूच्या किटबद्दल पुन्हा बोलू.

घाटमाथा

ठरलं. या रविवारी बूश, गुटका, ऑइल आणि ऍडजस्टमेंट. माउंट बघून घेतो. बदलायच्या आधीचे आकडे मोजले : न्यूट्रल ते तिसरा ७८ मिमी, तिसऱ्यात मोकळा १९ मिमी.

बुशिंगवाला

७८ पैकी १९ ढिलाईत जात असेल तर किटची चर्चा खरंच आत्ता नको. सोमवारी नवे आकडे टाका.