रीझनर (नियमांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) म्हणतो सगळं सुसंगत, पण नोंदींत मोजमापच नाही. डेटा तपासायचा कशाने?

प्रश्न
पर्जन्यमापकांच्या नोंदी आरडीएफमध्ये (कर्ता-गुणधर्म-मूल्य अशा तुकड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत) आहेत. ऑन्टॉलॉजीत (संकल्पना आणि त्यांची नाती सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘नोंद’ या क्लासवर ‘किमान एक मोजमाप’ अशी ओडब्ल्यूएलची (ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषेची) अट आहे, ‘केंद्र’ ही प्रॉपर्टी फंक्शनल आहे, म्हणजे एका नोंदीला एकच केंद्र. काही नोंदींत मोजमाप नाही, काहींना दोन केंद्रं जोडली गेलीत. तरी प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी एडिटरमधला हर्मिट हा रीझनर काहीच चूक दाखवत नाही.

उत्तर १
हर्मिटचं बरोबर आहे. ओडब्ल्यूएलमध्ये जे लिहिलेलं नाही ते खोटं धरत नाहीत; मोजमाप असणारच, फक्त इथे नोंदवलेलं नाही, असं मानून रीझनर पुढे जातो. दोन केंद्रं दिसली की ती एकच आहेत असा निष्कर्ष काढतो, कारण नावं वेगळी म्हणून वस्तू वेगळ्या असं तो गृहीत धरत नाही. ती वेगळी असल्याचं ‘डिफरंट फ्रॉम’ने सांगितलंत तरच विसंगती निघेल.

या कामाला शॅकल वापरा, आरडीएफ डेटा अटींवर तपासायचं डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानक संस्थेचं २०१७ चं मानक. ‘नोंद’ला टार्गेट क्लास (ज्याच्या वस्तू तपासायच्या तो क्लास) करून शेप, म्हणजे अटींचा संच, लिहा. मोजमापाला मिनकाउंट १, डेटाटाइप डेसिमल, मिनइन्क्लुझिव्ह ० (म्हणजे ० किंवा जास्त). केंद्राला मिनकाउंट आणि मॅक्सकाउंट दोन्ही १. चालवायला पायशॅकल हे पायथनमधलं टूल पुरेसं आहे: ‘एस’ पर्यायाला शेपची फाइल, ‘ई’ला ऑन्टॉलॉजी, शेवटी डेटा.

उत्तर २
‘ई’ अजिबात गाळू नका. सबक्लासचं नातं ऑन्टॉलॉजीच्या फाइलमध्ये असतं. ती दिली नाही तर फक्त ‘स्वयंचलित नोंद’ असा टाइप असलेल्या नोंदी तपासल्याच जात नाहीत आणि अहवालात ‘कन्फॉर्म्स ट्रू’ (सगळं ठीक) येतं. म्हणून मोजमाप नसलेली एक नोंद मुद्दाम घालून बघा. ती पकडली गेली नाही तर टार्गेट चुकलंय.

टर्टलमध्ये (आरडीएफ फाइलच्या एका लेखनपद्धतीत) नुसतं १२ लिहिलं की ते इंटिजर होतं आणि डेसिमलच्या अटीत नापास होतं. १२.० लिहा, नाहीतर शेपमध्ये ‘ऑर’ घालून दोन्ही टाइप चालवून घ्या.

उत्तर ३
‘आय’ पर्यायाने आरडीएफएस इन्फरन्स (तपासणीआधी डेटात निष्कर्षांची भर घालणं) सुरू करण्याआधी थांबा. ‘संवेदक’ प्रॉपर्टीची रेंज (तिची व्हॅल्यू कोणत्या क्लासची ते) ‘संवेदक’ क्लास असेल, तर तिथे चुकून जोडलेल्या गावालाही तो टाइप आपोआप चिकटतो. मग ‘व्हॅल्यू संवेदकच हवी’ ही अट कधीच मोडत नाही. आधी इन्फरन्सशिवाय चालवा. सबक्लासचं शॅकल स्वतःच बघून घेतं.

रोजच्या पाइपलाइनमध्ये पायशॅकलचा एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) तपासा: ० म्हणजे डेटा ठीक, १ म्हणजे नापास, २ म्हणजे तपासताना एरर आली. वॉर्निंग दर्जाच्या अटी मोडल्या तरी निकाल नापासच येतो. तो नको असेल तर ‘अलाउ वॉर्निंग्ज’ पर्याय द्या.