अनुभव धागा: दारू सोडायची आहे, मीटिंग कुठे शोधायची?

शुभदा_लालबाग
आषाढ संपत आला, गटारीचे फॉरवर्ड सुरू झाले आणि जुन्या गोष्टी डोक्यात यायला लागल्या. परवा एकीने विचारलं, "ह्यांना एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा मदतगट) मीटिंगला न्यायचंय, पण जायचं कुठे आणि तिथे करतात काय?" माहितगारांनी लिहा. घरच्या कहाण्या नकोत, तिला उद्या उपयोगी पडेल असं लिहा.

माहीमकर
एएचं भारताचं मध्यवर्ती कार्यालय भायखळ्यालाच आहे. वेबसाईटवर हेल्पलाईन मिळते. फोनवर तीन गोष्टी सांगायच्या: जवळचं स्टेशन, मोकळी वेळ, भाषा. मराठी, हिंदी, इंग्रजी ग्रुप वेगवेगळे असतात. आणि मीटिंग ओपन की क्लोज्ड हे विचाराच! क्लोज्डला फक्त ज्याला सोडायची आहे तोच बसतो. बायको सोबत गेली की तिला बाहेर थांबावं लागतं आणि तोही पाठोपाठ उठून येतो. पहिल्या वेळी ओपनच बघा.

जागा बहुतेक वेळा शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल. चर्च दिसलं म्हणून परत फिरू नका, एए कुठल्याच धर्माचं नाही.

नाइटड्यूटी
मीटिंगच्या आधी शरीर बघा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर 6 ते 12 तासांत हात थरथरतात, घाम, उलट्या. फिट येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बडबड, ताप, आपण कुठे आहोत ते कळत नाही. यात माणूस दगावू शकतो. गटारीला भरपूर आणि दुसऱ्या दिवसापासून कडक श्रावण, यात हेच होतं, आणि घरचे बाहेरचं काही लागलंय म्हणून अंगारा लावत बसतात.

केईएम, सायन, नायर, कुठेही मानसोपचार ओपीडीचा केसपेपर काढा. रोज किती ते खरं सांगा, अर्धं नको. 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये, व्हिस्की-रम असेल तर, साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. गोळ्यांचा डोस ठरवताना हे बघतात. शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, हेही सांगा. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावतानाही दारूचं लपवू नका. अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन (व्हिटॅमिन बी1) लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

रेवा७
पण श्रावण पूर्ण पाळतात म्हणजे व्यसन नाही ना?

नाइटड्यूटी
रेवाताई, महिनाभर थांबता आलं एवढंच त्यातून कळतं. विसर्जनानंतर पहिल्या आठवड्यात किती जाते ते बघा, आणि सुरू झाल्यावर थांबता येतं का ते.

सेंट्रललाईन
आत काय होतं ते लिहितो. तास-दीड तास. फक्त पहिलं नाव. फी नाही, हजेरी नाही, घरी फोन नाही. एकेक जण शेअरिंग करतो, म्हणजे आपला अनुभव सांगतो, मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नवीन माणसाने "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, नवीन माणसाने टाकायलाच हवं असं नाही. ग्रुप बाहेरून पैसे घेत नाही. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडायची इच्छा.

पहिली मीटिंग आवडली नाही तर ग्रुप बदला, मीटिंग सोडू नका. हे पोटतिडकीने सांगतोय. सुरुवातीला 90 दिवसांत 90 मीटिंग सुचवतात त्याला कारण आहे: तलफ संध्याकाळी ठरल्या वेळेला येते, आणि ऑफिस ते घर यातला नेमका तोच तास भरून निघतो. परतताना दोन-तीन जणांचे नंबर घ्या. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, नंतर ठरतो, पण पिण्याच्या आधी फोन करायला कोणीतरी पहिल्या दिवसापासून हवं. पुरुषाने पुरुषाचा, बाईने बाईचा नंबर घ्यावा.

पार्लेकरीण
भाजीत मिसळून द्यायची गोळी मिळते म्हणे?

नाइटड्यूटी
अजिबात नको!! ते डायसल्फिराम. वर प्यायला तर चेहरा लाल, धडधड, बीपी खाली, जीवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर किमान 12 तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि गोळी बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत रिअॅक्शन येऊ शकते. माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरकडूनच. कफ सिरपमध्येही अल्कोहोल असू शकतं, बाटली वाचून घ्या.

आजीचाबटवा
दशमूलारिष्ट पण? आमच्याकडे बाळंतिणीला देतात.

नाइटड्यूटी
हो. आसवं-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात अल्कोहोल असतं. बाळंतिणीचं वैद्यांना विचारा, पण दारू सोडणाऱ्याच्या घरात बाटली नको.

रेवा७
ते यायलाच तयार नाहीत. मी काय करू?

माहीमकर
तुम्ही जा. अल-अॅनॉन घरच्यांसाठीच आहे, तो पीत असला तरी तुम्हाला जाता येतं. 1951 पासूनची वेगळी संघटना आहे. त्याच्या बाटल्या ओतणं, ऑफिसला खोटा आजार कळवणं, उधारी फेडणं हे कसं थांबवायचं ते तिथे कळतं. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन) 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शुभदा_लालबाग
रेवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ गं. दादर चालेल ना तुला?

रेवा७
चालेल ताई. मी कुर्ल्याहून येईन, रविवारी.

सेंट्रललाईन
रविवारी मेगाब्लॉक बघून निघा. आणि मीटिंग त्या दिवशी नक्की आहे का ते सकाळी फोन करून विचारा, शाळेत परीक्षा असली की वर्ग बदलतो.