मदत हवी आहे: सायनोव्हियल मेंब्रेनच्या (सांध्याच्या आतल्या अस्तराच्या) ए आणि बी पेशी स्लाइडवर ओळखायच्या कशा?

नागपूरला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. हिस्टॉलॉजीची प्रॅक्टिकल तोंडावर आली आणि सांध्याच्या अस्तराची स्लाइड काही समजून नाही राहिली.

थिअरी पाठ आहे. पेशींचे एक ते चार थर, खाली बेसमेंट मेंब्रेन (पेशींखालचा पातळ आधार-पडदा) नाही, म्हणून हे खरं एपिथेलियम (आवरण-ऊती) नव्हे. ए पेशी मॅक्रोफेजसारख्या, कचरा गिळणाऱ्या. बी पेशी फायब्रोब्लास्टसारख्या, हायल्युरोनिक आम्ल आणि लुब्रिसिन ही सांध्याची वंगणं तयार करणाऱ्या. पण ४० एक्सखाली दिसतं काय, तर गुलाबी पट्टीच्या काठाला जांभळी केंद्रकं, काही गोल, काही चपटी, मधेच काठ चक्क उघडा. रूममेट म्हणते गोल ती ए, चपटी ती बी. मला पटत नाही. काप तिरका गेला तर एकच पेशी दोन्ही तऱ्हेनं दिसेल न?

दुसरं, टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) स्लाइडमध्ये कोलॅजनच्या मधे टेनोसाइट, म्हणजे टेंडनच्या पेशी, रांगेनं दिसतात, ते ठीक. सगळ्यात बाहेरची चपट्या पेशींची ओळ म्यानाची (टेंडनभोवतीच्या सायनोव्हियल आवरणाची) की एपिटेनॉनची (टेंडनला चिकटलेल्या पातळ वेष्टनाची)?

प्रतिसाद (पॅथॉलॉजी रेसिडेंट):
रूममेटचं ऐकू नका. साध्या एच अँड ईवर (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनवर) ए-बी खात्रीनं वेगळ्या करताच येत नाहीत. १९६२ मध्ये बार्लंड, नोविकॉफ आणि हॅमरमन यांनी हा फरक दाखवला तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली: ए मध्ये लायसोसोम, पोकळ्या, ठळक गॉल्जी, बी मध्ये भरपूर खडबडीत ईआर (प्रथिनं बनवणारं पेशीतलं जाळं). आज सीडी६८चा (मॅक्रोफेजची खूण असलेल्या प्रथिनाचा) स्टेन लावला की ए पेशी उठून दिसतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नुसतं 'सायनोव्हियोसाइट' लिहा आणि खालच्या थरातली चरबी, रक्तवाहिन्या नीट काढा. मार्क तिथंच जातात.

म्यानाचा आतला पदर एपिटेनॉनशी एकजीव असतो, वेगळं बोट ठेवता येणार नाही. आधी स्लाइडचं लेबल वाचा. अकिलीस असेल तर म्यान शोधूच नका, तिथं पॅराटेनॉन (सैल संयोजी ऊतीचं वेष्टन) असतं.

धागाकर्ती:
धन्यवाद सर! पण २०१९च्या एका संशोधनात उंदरांच्या सांध्यात टाइट जंक्शन (शेजारच्या पेशींना घट्ट जोडणारे जोड) सापडल्याचं वाचलं. व्हायव्हात तेच विचारलं तर?

प्रतिसाद (पॅथॉलॉजी रेसिडेंट):
ती जंक्शन अस्तरातल्या मॅक्रोफेजमधली, सांध्याभोवती आडोसा धरणारी. बेसमेंट मेंब्रेन तरीही नाहीच. एवढंच सांगा आणि गप्प बसा, नाहीतर सर त्यातूनच पुढचा प्रश्न काढतील.