नळीच्या वाटेला पाणी जास्त, सामान कमी
हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला माणशी दोन लिटर पाणी पुरेल असं म्हणतात, ते पाचनई गावाकडच्या सोप्या वाटेला ठीक. बेलपाडा गावाहून नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, गड करणार असाल तर चार लिटर धराच. बेलपाडा कोकणातलं, गड १४२४ मीटर. म्हणजे चढ हजार मीटरच्या वर.

आम्ही पाच जण डिसेंबरात गेलो होतो. पहाटे साडेपाचला निघून वर कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्यावर, पोचेस्तोवर दुपारचे चार वाजले. नळीत वाट अशी नाहीच, नुसते धोंडे, आणि ज्यावर भरवशाने पाय ठेवावा तोच डुगडुगतो. कातळटप्प्यांवर सॅका दोराने ओढून घेताना एकीचं वजन फारच लागलं. उघडली तर आत दोन किलो कांदे-बटाटे! मित्राने यथेच्छ शिव्या खाल्ल्या. रात्री रस्सा मात्र सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला.

तंबू कड्याच्या धारेला नको, वारा खालून उसळतो. सकाळी गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतल्या कमरेएवढ्या गार पाण्यात पाय अक्षरशः बधिर झाले.

उतरताना पाचनई बरी. फक्त गाडी बेलपाड्यात राहते, तिची सोय आधी बघा. आम्ही बघितली नव्हती.