शब्दचर्चा: ‘लॉस्ट वेकअप’ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर: महापेतल्या प्रशिक्षणवर्गासाठी लिनक्स ड्रायव्हरवर (डिव्हाइस चालवणाऱ्या कोडवर) मराठी टिपण करतोय. ‘लॉस्ट वेकअप’साठी, म्हणजे प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) उठवायचा इशारा फुकट जाण्यासाठी, ‘हरवलेली जाग’ लिहिलंय. चालेल का?

कोपरीकर: कानाला गोड आहे, पण हरवत काहीच नाही. प्रोसेस ‘डेटा_रेडी’ हा डेटा आलाय का ते सांगणारा झेंडा तपासते, तो ० असतो. तेवढ्यात इंटरप्ट, म्हणजे डिव्हाइसचा इशारा, येतो. इंटरप्ट आल्यावर चालणारा हँडलर डेटा_रेडी १ करतो आणि झोपलेल्यांना उठवणारा वेक_अप बोलावतो. वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत कोणीच नाही, म्हणून वेक_अप गुपचूप परततो. आता प्रोसेस रांगेत जाते आणि झोपते. आधीचा बाइट उचलल्याशिवाय डिव्हाइस पुढचा इंटरप्ट देणार नसेल, तर ती कायमची झोपली. झोप अनइंटरप्टिबल (सिग्नलने न मोडणारी) असेल तर किल -९ ही सक्तीने मारणारी आज्ञासुद्धा लागू पडत नाही. म्हणून ‘वाया गेलेली हाक’ म्हणा. हाक मारली, पण उठवायचं ते माणूस अजून झोपलंच नव्हतं.

घणसोली नाका: ‘हाक’ पटलं. खरा घोळ मात्र ‘झोपणे’ या क्रियापदात आहे. आपल्याकडे आडवं होणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं. कर्नलमध्येही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातही, तसंच आहे. प्रिपेअर_टू_वेट म्हणजे आडवं होणं: रांगेत नाव लागलं, स्थिती टास्क_इंटरप्टिबल (सिग्नलने मोडणाऱ्या झोपेची) झाली. शेड्यूल(), म्हणजे प्रोसेसर दुसऱ्याला देणं, ही झोप लागणं. अट (डेटा_रेडी १ आहे का) तपासायची ती या दोहोंच्या मध्ये. मग हाक अधेमधे आली तरी वेक_अप स्थिती टास्क_रनिंग (जागी) करून ठेवतो आणि शेड्यूल() प्रोसेसला झोपवत नाही. जुन्या स्लीप_ऑनमध्ये दोन्ही एकाच कॉलमध्ये होतं, मध्ये तपासायला फटच नव्हती. ३.१५ आवृत्तीत (२०१४) ते काढून टाकलं, ते बरंच झालं.

कोपरीकर: ‘आडवं होणं’ टिपणात घ्याच. त्याला जोडून: हाक मारणाऱ्याने आधी अट खरी करायची, मगच वेक_अप. आणि स्थिती हाताने बदलत असाल तर सेट_करंट_स्टेट वापरा. त्याच्याच ज्या रूपाच्या नावाआधी दोन अंडरस्कोर आहेत त्यात मेमरी बॅरियर (लिहिण्या-वाचण्याचा क्रम राखणारी आडकाठी) नाही. स्थिती लिहिणं आणि अट वाचणं यांचा क्रम उलटू शकतो, एक्स८६ वरसुद्धा. आडवं झाल्यावर अट तपासताना म्यूटेक्सही (मोकळं नसेल तर झोपवणारं लॉक) घेऊ नका. लॉक मोकळं असेल तर निभावतं. दुसऱ्याकडे असेल तर तिथेच झोप लागते, उठताना स्थिती टास्क_रनिंग होते, पुढचा शेड्यूल() झोपवत नाही आणि लूप प्रोसेसर खात बसतो.

ऐरोलीकर: त्यापेक्षा तपासताना इंटरप्टच बंद ठेवले तर?

घणसोली नाका: एका कोअरच्या जमान्यातली युक्ती ती. आता हँडलर शेजारच्या कोअरवर चालतो, तुमचे बंद इंटरप्ट त्याला अडवत नाहीत. स्पिनलॉक (धरून झोपायला मनाई असलेलं लॉक) धरून शेड्यूल() केलंत तर ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ ही चूक लॉगमध्ये दिसेल. अट लॉकखालीच तपासायची असेल तर वेट_इव्हेंट_लॉक_आयआरक्यू घ्या: झोपण्याआधी लॉक सोडतो, उठल्यावर परत घेतो. साध्या ड्रायव्हरला वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल पुरे. हा सगळा क्रम आणि लूप त्यातच आहे. फक्त परतीचं मूल्य तपासा. सिग्नलने उठवलं तर -ईरिस्टार्टसिस हा एरर कोड मिळतो, तेव्हा डेटा आलाय असं धरून चालू नका.

ऐरोलीकर: ‘वाया गेलेली हाक’ नक्की. आणि ‘रेस’ला, म्हणजे कोण आधी पोहोचतं त्यावर निकाल ठरणाऱ्या अशा घोळाला, ‘शर्यत’?

कोपरीकर: ‘रेस’च राहू द्या. ‘शर्यत’ पाठ केलेल्या मुलांना कर्नलच्या लॉगमध्ये काय शोधायचं ते कळणार नाही.