मोपा विमानतळाजवळ प्लॉट घ्यावा का? २२ लाख आहेत, सगळे एकाच जागी टाकायला भीती वाटतेय

थिवीकर_३४
नमस्कार मंडळी. मी म्हापशात राहतो, थिवीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरी. बाबा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, त्यांचे आणि माझे मिळून २२ लाख बाजूला आहेत. एका एजंटने मोपाजवळ पेडणे तालुक्यात ३०० चौरस मीटरचा प्लॉट दाखवलाय, ३६ लाख सांगतोय, बाकीचे १४ लाख पर्सनल लोन काढ म्हणतो, विमानतळ सुरू झाल्यापासून भाव चढतच आहेत आणि आठ दिवसांत टोकन दिलं नाही तर दिल्लीची पार्टी घेऊन जाईल म्हणे. आई म्हणते जमीन कधी बुडत नाही. मलाही प्रॉपर्टीत पैसे हवे आहेत, पण यात घरातले सगळेच पैसे जातात, वर कर्ज. तुम्ही काय केलं असतं?

फोंड्याची_बाय
टोकन देऊ नका, आधी एवढं वाचा. मी १४ वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायटलचे, म्हणजे मालकीचे कागद बघते. जमीन बुडत नाही हे आईचं खरं आहे, पण जमिनीत अडकलेला माणूस बुडतो, आणि आपल्या गोव्यात भाव पडून अडकलेले मी कमी बघितले, कागदात अडकलेले खूप.

सर्वे नंबर आणि सबडिव्हिजन एजंटकडून आजच मागून घ्या आणि फॉर्म १ व १४ (आपल्या गोव्याचा सातबारा) ऑनलाइन स्वतः काढा, त्याने व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. मालकाचं नाव सगळेच बघतात, तुम्ही कुळाचा रकाना आणि 'इतर हक्क' वाचा. तिथे कुणाच्या घराची नोंद असेल तर मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पूर्वीपासून घर करून राहणारा, असण्याची शक्यता धरूनच चाला, १९७५ च्या कायद्याने त्याला सहजासहजी काढता येत नाही आणि घर व भोवतालची जागा विकत घ्यायचा हक्क त्याचा आहे. त्यात वाईट काही नाही हो, त्याच्या पिढ्या तिथे राहिल्यात, पण तुम्ही ३०० मीटरचे पैसे देणार आणि हातात किती येणार?

मग सह्या. आपल्याकडे लग्नानंतर मालमत्ता नवरा-बायको दोघांची, त्यामुळे विकणाऱ्याच्या बायकोची सही हवीच. वडिलोपार्जित असेल तर सगळी भावंडं, त्यांचे नवरे-बायका, एखादा पोर्तुगालला असला तर त्याचीही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झाली आहे का ते विचारा. एकाने सही केली नाही म्हणून नऊ वर्षं थांबलेली फाइल आमच्या कपाटात आहे.

आणि झोन. प्लॉट सेटलमेंटमध्ये, म्हणजे घर बांधता येणाऱ्या झोनमध्ये आहे, की नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खाली झोन बदलून घेतलाय? २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाचे नियमच रद्द केले, त्यामुळे तसा बदललेला ऑर्चर्ड (बागायती झोन) असेल तर मी तरी हात लावणार नाही. सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, आहे का, रस्ता कागदावर आहे की नुसता पायवाटेचा, हे पण.

शिवोली_फ्लॅट
मी कर्ज काढून घेतलेला माणूस आहे म्हणून लिहितो. २०१९ ला शिवोलीत वन बीएचके घेतला, पर्यटकांना देऊ, हप्ता त्यातूनच निघेल असा हिशोब होता. पहिल्याच वर्षी लॉकडाऊन. नंतर धंदा आला, पण तो डिसेंबर-जानेवारीचा, जून ते सप्टेंबर फ्लॅट बंद. पहिल्या पावसाळ्यानंतर दार उघडलं तर गादीला हिरवी बुरशी, कपाटाच्या फळ्या फुगून दारं लागेनात, एसीतून कुबट वास. रंग, दुरुस्ती, मेंटेनन्स, घरपट्टी, टुरिझम खात्याची नोंदणी, या सगळ्याचा खर्च मी आधी कागदावर मांडलाच नव्हता. तरी फ्लॅटमधून काहीतरी येतं, प्लॉटमधून तर दमडी येत नाही आणि पर्सनल लोनचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. नोकरी गेली तर? माझा आता एकच नियम आहे, वर्षभराचे हप्ते आणि घरखर्च बँकेत वेगळे असतील तरच कर्ज. १४ लाखांच्या पर्सनल लोनला माझा स्पष्ट विरोध.

कुडचडेचा_मास्तर
थिवीकर, प्रॉपर्टीत पैसे म्हणजे प्लॉटच का? मी थोडे रीटमध्ये ठेवतो. भाड्याने दिलेल्या मोठ्या ऑफिसांचे, मॉलचे युनिट शेअर बाजारात मिळतात, डिमॅट असलं की एक युनिटसुद्धा घेता येतं. वाटपासाठी जो पैसा उरतो त्यातला निदान ९० टक्के वाटावाच लागतो आणि किमान ८० टक्के मालमत्ता तयार, भाडं देणारी असावी लागते. भाव शेअरसारखा खालीवर होतो, ऑफिसं रिकामी राहिली तर वाटप घटतं, ते मी भोगलंय. पण मुलीच्या फीला पैसे लागले तेव्हा सकाळी विकले आणि दोन-तीन दिवसांत खात्यात आले. प्लॉटचे असे येतील? छोट्या रीटमध्ये किमान १० लाख लागतात आणि बऱ्याचदा एकच इमारत असते, म्हणजे परत सगळं एकाच जागी, तुमच्या रकमेला ते नको.

थिवीकर_३४
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री फॉर्म काढला. इतर हक्कात एका घराची नोंद आहे. आज सकाळी मी आणि बाबा जाऊन आलो. एजंटने मागच्या वेळी रस्त्याच्या बाजूने दाखवलं होतं, आम्ही आज काजूच्या झाडांमधून मागे गेलो तर चिऱ्यांचं जुनं घर, दारात सारवलेलं अंगण, तुळशीला ताजं फूल. एक आजी बाहेर आल्या, म्हणाल्या माझ्या सासऱ्यांपासून आम्ही इथंच. बाबा एकदम गप्प झाले, आमचे आजोबा पण मुंडकारच होते. एजंटला फोन केला तर म्हणतो ते बघून घेऊ, त्यांना थोडे देऊन उठवू. मी नाही म्हणून सांगितलं.

फोंड्याची_बाय
बरं केलंत, फार बरं वाटलं वाचून. ती सही करून तुम्ही त्या आजींशी कोर्टात उभे राहिला असता, आणि भाटकार, म्हणजे जमीनमालक, बाजूलाच राहिला असता.

शिवोली_फ्लॅट
आता घाई नकोच. ८-१० लाख एफडीत असू द्या, थोडे मास्तर म्हणतात तसे रीटमध्ये दर महिन्याला टाका. पुढे फ्लॅट बघितलात तर रेराचा (बिल्डरांवरच्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी नंबर बघा आणि रजिस्टर्ड ॲग्रीमेंटच्या आधी १० टक्क्यांच्या वर द्यायचं नाही, बिल्डर ओळखीचा असला तरी.

थिवीकर_३४
तसंच करतो. बाय, एक शेवटचं, डिचोलीला काकांच्या ओळखीत ॲग्रीमेंट झालेला टू बीएचके आहे, जुनी बिल्डिंग, ऑक्युपन्सी (राहायला परवानगीचा दाखला) आहे म्हणतात. कागद तुम्हाला दाखवले तर फी किती घ्याल?

फोंड्याची_बाय
फी आमच्या वकिलांना विचारून सांगते. येताना ऑक्युपन्सीची प्रत आणि उपनिबंधकाकडचं निल एन्कम्ब्रन्स (बोजा नसल्याचा दाखला) घेऊन या, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का तेवढं काकांना आजच विचारा.