प्रतिसाद: चौघांनी फावल्या वेळात डेस्कटॉप, जमेल का?

वर विचारलंय की चार-पाच जणांनी रात्री जागून लिनक्ससाठी नवा डेस्कटॉप (खिडक्या, पॅनल, मेनू असा सगळा दर्शनी भाग) बांधणं हा वेडेपणा नाही का. आहे थोडा! पण केडीई या गाजलेल्या डेस्कटॉपची हाक मॅथियास एट्रिशने १९९६च्या ऑक्टोबरात दिली तेव्हा तो विद्यार्थीच होता. १.० आवृत्ती मात्र जुलै १९९८ला आली. तेवढा धीर ठेवा.

माझा एकच हट्ट. वेलँडवर, म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्रॅमचं चित्र स्क्रीनवर आणायच्या नव्या पद्धतीत, कंपोझिटर हा मुख्य प्रोग्रॅम शून्यापासून लिहू नका. तिथे खिडक्यांची मांडणी, स्क्रीनवरचं चित्र, कीबोर्ड-माऊस सगळं त्याच एका प्रोग्रॅमच्या गळ्यात पडतं. डब्ल्यूएलरूट्स ही त्यासाठीची तयार लायब्ररी घ्या, 'स्वे' हा कंपोझिटर त्यावरच उभा आहे. तुमची कमाई पॅनल आणि मेनूत दिसू दे.

आणि मराठी टायपिंग पहिल्या महिन्यातच तपासा. इनस्क्रिप्टचं निभतं, तो साधा कीबोर्ड लेआउट. पण रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायचं तर आयबस किंवा एफसीआयटीएक्ससारखं अक्षरं बदलून देणारं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते जोडून द्यायचं काम पुन्हा कंपोझिटरचंच. सांगलीत मार्केट यार्डात आमच्या मावसभावाची हळदीची अडत आहे. दोन जीबीच्या जुन्या मशीनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकून दिलाय, झकास चालतो. मध्ये हौसेने नवा डेस्कटॉप चढवला, तर हिशेबाच्या पट्टीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत उमटेना. बाहेर सौदा सुरू, आत दादा माझ्या नावाने शंख करतोय. संध्याकाळी गुपचूप जुनंच परत टाकलं.

चाचणीला मशीन हवं असेल तर तेच देतो. दादाला विचारून, अर्थात.